दुरूस्ती खाते

वेलांटीरावांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी हिशेबनीस व्हायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या बायकोने एकच प्रश्न विचारला. "तुम्हाला बेरीज येते का?"

प्रश्न साधा होता, पण झोंबला. वेलांटीराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात सव्वीस वर्षं मुद्रितशोधन केलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? पुस्तक छापायला जाण्याआधी त्याची कच्ची प्रत वाचायची, चुकलेला काना, मात्रा, वेलांटी, उकार लाल शाईने पकडायचा आणि शेजारच्या समासात बरोबर अक्षर लिहायचं, हा त्यांचा धंदा. त्यांच्या नजरेतून चूक सुटत नसे आणि चुकीच्या तावडीतून तेही सुटत नसत. एकदा खोकल्याच्या बाटलीवर 'हालवून घ्यावे' असं छापलेलं होतं. त्याचं 'हलवून' करून कंपनीला पत्र लिहीपर्यंत त्यांनी औषधाला तोंड लावलं नाही. तोवर खोकला बरा झाला, ही गोष्ट वेगळी.

मग छापखान्याने संगणक आणला. तो म्हणे एका मिनिटात अख्ख्या पुस्तकातल्या चुका काढतो. नव्या किती घालतो, हे कुणी विचारलं नाही. कामावरून कमी केल्याचं पत्र वेलांटीरावांना मिळालं, त्यात तीन चुका होत्या. त्यांनी त्या लाल शाईने सुधारून पत्राची पोच दिली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, त्यातली गत.

त्यानंतर आठ महिने ते घरी बसले. बावन्न वर्षांचा माणूस आठ महिने घरी बसला की शेजारपाजाऱ्यांच्या अंगात गुरू संचारतो. समोरच्या दारात एक निवृत्त कॅशियर राहत. जन्मभर दुसऱ्यांच्या नोटा मोजून त्यांना जगातल्या प्रत्येक विषयावर मत झालं होतं. ते म्हणाले, "हिशेब शिका. पुस्तकं आज आहेत, उद्या नाहीत. हिशेब माणूस आहे तोवर राहणार. आणि काम तुमचंच आहे हो, चुका शोधायचं. अक्षरांऐवजी आकड्यांतल्या, एवढाच फरक." तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा शिवण शिका. चुकलं तर उसवता तरी येतं."

वेलांटीरावांनी कॅशियरचं ऐकलं. बाईंचं ऐकायला हवं होतं, हे त्यांना फार उशिरा कळलं.

कोर्स तीन महिन्यांचा होता आणि फी एकदम भरायची होती. त्यांच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. भिंतीत ती पाडून घेण्यासाठी बायकोने चार वर्षं पैसे साठवले होते. तिने ते पाकीट टेबलावर ठेवलं. "खिडकी काय, पुढच्या वर्षी पाडू," ती म्हणाली आणि भिंतीकडे बघून भाजी चिरायला लागली.

प्रवेशअर्जात अकरा चुका होत्या. वेलांटीरावांनी त्या सुधारून अर्ज भरला आणि खिडकीतल्या कारकुनाला दिला. कारकुनाने तो दोन बोटांत धरून परत केला. "फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. नवा घ्या." नव्यात अर्थातच त्याच अकरा चुका होत्या. दुसराही फॉर्म वाया गेला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि इथे तर खोडच मुळी खोडण्याची! तिसऱ्या वेळी त्यांनी लाल पेन खाली रखवालदाराकडे ठेवायला दिलं आणि मगच जिना चढले.

पण कारकुनाचं समाधान होईना. शाळेच्या दाखल्यावर वेलांटीरावांच्या नावात वेलांटी पहिली होती आणि गुणपत्रिकेवर दुसरी. "ही दोन्ही माणसं एकच आहेत, असं प्रतिज्ञापत्र आणा," कारकून म्हणाला. वेलांटीरावांनी त्याला पटवून द्यायचा प्रयत्न केला, की दुसरी वेलांटी ही शाळेची चूक आहे आणि आपण तिचा निषेध पस्तीस वर्षांपूर्वीच नोंदवलेला आहे. कारकून पुढच्या माणसाशी बोलायला लागला. अखेर, पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांत कसलाही फरक नाही, असं सव्वीस वर्षं त्याच फरकाची भाकरी खाल्लेल्या माणसाने शपथेवर लिहून दिलं. त्या दिवशी ते घरी आले आणि न जेवताच झोपले.

वर्ग एका व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर भरे. खाली कुणी वजन आपटलं की वर फळा हाले. वर्गातली बाकीची मंडळी विशी-बाविशीतली. त्यांनी पहिल्याच दिवशी वेलांटीरावांना 'काका' करून टाकलं आणि पंख्याखालची जागा दिली. शिकवणाऱ्या मॅडमही तिशीच्या आतल्याच. त्यांनी फळ्यावर 'हिशोब' असं लिहिलं, तेव्हा काकांनी हात मांडीखाली दाबून धरला. पण पुढचं वाक्य ऐकून त्यांना राहवलं नाही.

"येतं ते नावे, जातं ते जमा," मॅडमनी पुस्तकातून वाचलं.

"मॅडम, उलट झालंय. छपाईची चूक असणार."

"चूक नाही काका, नियम आहे."

"पण येतं ते जमा होतं ना? जमा शब्दाचा अर्थच—"

"काका, शब्दाचा अर्थ बघायचा नाही. बाजू बघायची. डावी नावे, उजवी जमा."

शब्दाचा अर्थ बघायचा नाही! सव्वीस वर्षांत त्यांना असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. घरी येऊन त्यांनी हा अन्याय बायकोला ऐकवला. ती कणीक मळता मळता म्हणाली, "म्हणजे जे जातं ते जमा? मग आपलं सगळं जमाच आहे की."

पुढे घसारा आला. वस्तू वापरून झिजते आणि दर वर्षी तिची किंमत कमी होत जाते, त्याला घसारा म्हणतात. गृहपाठ म्हणून वेलांटीरावांनी घरातल्या कपाटाचा, पंख्याचा आणि सोफ्याचा घसारा काढला. समोरचे कॅशियर तो कागद बघून म्हणाले, "माणसांचा काढत नाहीत का हो?" बायको आतून म्हणाली, "यांचा काढून झालाय. आता भंगार किंमत उरलीय." ती थट्टेतच म्हणाली. कॅशियर पोट धरून हसले, वेलांटीरावही हसले, आणि रात्री त्यांनी तो कागद घडी घालून वहीत सगळ्यात मागे ठेवला.

शेवटचे सहा आठवडे प्रत्यक्ष काम करायचं होतं. कुठेतरी हिशेबाला बसायचं आणि मालकाच्या सहीचं अनुभवपत्र आणायचं. ते नसेल तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नसेल तर खिडकीचे पैसे पाण्यात. वेलांटीराव सात ठिकाणी जाऊन आले. बावन्न वर्षांच्या उमेदवाराला फुकट ठेवून घ्यायलाही कुणी धजेना. एकाने तर खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अदबीने विचारलं, "मुलासाठी बघताय का?"

शेवटी बायकोने तिच्या थोरल्या बहिणीला फोन केला, आणि वेलांटीराव चपला घालून जिन्यात जाऊन उभे राहिले. कारण थोरल्या बहिणीला नवरा होता. म्हणजे साडू. आता साडू हे नातं कसं असतं, ते ज्याला साडू आहे त्यालाच ठाऊक. एकाच घरातून दोघांनी बायका केलेल्या असतात, आणि सासरची मंडळी दोघांना जन्मभर एकाच तराजूच्या दोन पारड्यांत घालून बघत असतात. वेलांटीरावांचं पारडं पहिल्यापासून हलकं. साडूची लाँड्री होती. कपडे धुण्याची तीन मोठी मशीन, एक वाफेचा बॉयलर, नऊ माणसं आणि पुढे काचेच्या दाराचं दुकान.

"या की!" साडू म्हणाला. "आपल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? दिवाणजींच्या हाताखाली बसा. काम बरं वाटलं तर पुढचंही बघू. दिवाणजी काय, आता पिकलं पान."

लाँड्रीच्या मागच्या खोलीत, बॉयलरच्या भिंतीला लागून, दिवाणजींचं टेबल होतं. तिथे ते एकतीस वर्षं हिशेब लिहीत होते. खोलीत बाराही महिने ओली ऊब आणि साबणाचा वास. वहीची पानं वाफेने फुगू नयेत म्हणून दिवाणजी रोज त्यांच्यावर एक जुनी इस्त्री ठेवून जात. मान काटकुळी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि अक्षर असं की मोत्यांनी शिकवणी लावावी. वेलांटीरावांनी खतावणी उघडली, म्हणजे प्रत्येक खर्चाचं वेगळं खातं मांडलेली ती जाड वही, आणि ते अक्षर बघून त्यांचे डोळे निवले. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली.

'बॉयलर दुरूस्ती.' 'इस्त्री दुरूस्ती.' 'मशीन नं. २ दुरूस्ती.'

रू दीर्घ! प्रत्येक ठिकाणी दीर्घ. इतक्या सुंदर अक्षरात इतकी ठाम चूक त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि तीही नेमकी दुरुस्ती या शब्दात. त्यांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला आणि परत आला. समोर दिवाणजी बसले होते.

दिवाणजींनी त्यांना जे शिकवलं, ते वर्गात दीड महिन्यात कळलं नव्हतं. एका दुपारी त्यांनी गिऱ्हाइकाचा कोट टेबलावर ठेवला. "हा कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचा."

"आला आपल्याकडे. आता त्याचं बटण तुटलं तर कोण भरून देणार? आपण. वस्तू आली की तिची जबाबदारी आली, म्हणून येतं ते नावे. कोट परत दिला, सुटलो, म्हणून जमा. अर्थ असतो बरं का सगळ्याला."

वेलांटीरावांना त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, की इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली, आता हे नावे-जमा डोक्यात शिरायला वेळ लागतो. दिवाणजी हसले. "तुमचा धंदा नावं ठेवण्याचा. इथे नावे टाकायची असतात, ठेवायची नसतात." मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "वहीत चूक झाली तर खोडायची नाही. ती तशीच राहू द्यायची आणि खाली नवी नोंद करून सुधारायची. आधी काय चुकलं होतं, ते मागून येणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. नाहीतर ती वही कसली, पाटी झाली."

हे वेलांटीरावांनी ऐकलं होतं. त्यांच्या बाजूने बोलायचं म्हटलं तरी, ऐकलं नव्हतं असं म्हणता येत नाही.

चौथ्या आठवड्यात दिवाणजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ऑडिट तोंडावर आलं होतं. जाताना त्यांनी कपाटाची किल्ली वेलांटीरावांच्या हातात ठेवली. "किल्ली तुमच्याकडे आहे हे मालकांना सांगू नका, ते उगाच कटकट करतील. वही रोज थोडी वाचत जा. वाचूनच येतं हे."

वाचत जा! हे शब्द कुणाला सांगावेत?

पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं वाचलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती खातं उघडलं. बाहेर मशीन घरघरत होती, खोलीत कुणी नव्हतं, आणि समोर सहा पानांवर सदतीस दीर्घ रू त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मनाशी म्हटलं, दिवाणजींनी आकड्यांबद्दल सांगितलं. अक्षरांबद्दल ते काही बोलले नाहीत. शिवाय ऑडिटला बाहेरचं माणूस येणार. दिवाणजींच्या या सुंदर वहीला कुणी हसलं तर? हा झाला उपकार. एकदा माणसाने आपल्या खोडीला उपकार म्हणायचं ठरवलं की त्याला कोण अडवणार? लाल पेन उघडलं. प्रत्येक 'रू'वर एक बारीक आडवी रेघ, आणि समासात, रकमेच्या शेजारी, स्वच्छ अक्षरात 'रु'. रेघ, रु. रेघ, रु. छापखाना सुटल्यापासून त्यांचा हात इतका हलका चालला नव्हता. त्या संध्याकाळी ते घरी शीळ घालत आले. बायकोने विचारलं, "काय हो, जमलं वाटतं हिशेबाचं?" ते म्हणाले, "जमलं."

पुढच्या सोमवारी ऑडिटरबाई आल्या. त्यांनी चहा नको म्हटलं, तेव्हाच साडूने ओळखायला हवं होतं. अर्ध्या तासाने त्यांनी साडूला मागच्या खोलीत बोलावलं. वेलांटीराव दाराशी बिलांची फाईल घेऊन उभे होते.

"दुरुस्ती खात्यात सदतीस दुरुस्त्या आहेत," बाई म्हणाल्या. "दुरुस्तीची दुरुस्ती कुणी केलीय?"

साडूला वाटलं, बॉयलरबद्दल चाललंय. "आपला नेहमीचाच मिस्त्री करतो. चांगला आहे, नंबर देऊ का?"

"मी वहीबद्दल बोलतेय. सदतीस नोंदींवर लाल रेघ आहे. आणि रकमेच्या शेजारी प्रत्येक ठिकाणी 'रु' लिहिलंय. 'रु', आणि पुढे आकडाच नाही. किती रुपये? कुणाला दिले? आकडा मागाहून घालणार होतात का?"

वेलांटीरावांनी दारातूनच मान लांबवून समास बघितला. रु म्हणजे रुपये! जन्मभर समासात अक्षरं लिहिली, पण समासाच्या पलीकडे बसलेलं माणूस ती कशी वाचेल, हे त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

बाईंनी दुरुस्तीचं एकेक बिल मागवलं. अठ्ठाविसावं बिल हातात घेऊन त्या थांबल्या. "मशीन नंबर चार, दुरुस्ती. चार नंबरचं मशीन दाखवता?" साडूचा चेहरा धुऊन काढल्यासारखा पांढरा झाला. लाँड्रीत मशीन तीनच होती. चौथं त्याच्या घरच्या गॅलरीत होतं आणि त्यात त्याच्या बायकोचे पडदे निघत असत. त्या बिलामागोमाग घरचा गीझर निघाला, गाडीचा रेडिएटर निघाला, आणि बाईंनी पेनाला टोपण लावून सांगितलं, की हे सगळं नीट झाल्याशिवाय आपण सही करणार नाही.

आता मालक अडचणीत सापडला की त्याला खापर फोडायला जवळचं डोकं शोधावं लागतं, आणि ते स्वतःचं कधी नसतं. साडूने दिवाणजींना घरून बोलावून आणलं. ते हिरवी पट्टी बांधलेल्या डोळ्याने, भिंतीला हात लावत आले. अनुभवपत्र टाईप होऊन साडूच्या टेबलावर पडलं होतं, फक्त सही व्हायची होती. वेलांटीरावांना ते दाराशी उभं राहूनही दिसत होतं.

"दिवाणजी, हे काय करून ठेवलंत?"

दिवाणजींनी वही डाव्या डोळ्याशी नेली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. समासातल्या एका 'रु'वरून त्यांनी बोट फिरवलं. मग मान वर केली आणि त्या एका डोळ्याने खोलीत सगळीकडे बघितलं. दाराशी ती नजर जरा थांबली.

वेलांटीरावांनी टेबलावरच्या पत्राकडे बघितलं.

"वही माझ्या ताब्यातली," दिवाणजी म्हणाले. "आली ती माझ्या नावे. उत्तर मीच द्यायचं."

"डोळे गेले म्हणून काय वाटेल ते कराल? आता आराम करा घरी. पुरे झालं." साडूचा आवाज पुढच्या दुकानापर्यंत गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती वेलांटीरावांनी आजवर फक्त म्हणींच्या पुस्तकात तपासली होती. आज समोर बघितली, आणि ते मूग गिळून उभे राहिले. का उभे राहिले, हे त्यांनी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. भीती होती, पत्र होतं, खिडकी होती, साडूसमोर मान खाली घालायची लाज होती. पण खरं सांगायचं तर, आता बोलू, आता बोलू म्हणता म्हणता दिवाणजी आपली इस्त्री पिशवीत घालून निघून गेले.

आणि दुसऱ्या दिवशी साडूने अनुभवपत्रावर सही केली आणि वर दिवाणजींची खुर्चीही दिली. पगारासकट. बायकोने ताईला तीनदा फोन करून आभार मानले. कॅशियर पेढेवाल्याच्या थाटात जिन्यात सगळ्यांना सांगत सुटले, की सल्ला आपला होता. आयत्या बिळावर नागोबा खुर्चीत बसला खरा, पण त्याला काही सुचेना. बॉयलरची भिंत पाठीला लागे. वहीची पानं वाफेने फुगायला लागली, कारण त्यांच्यावर ठेवायला आता इस्त्री नव्हती. एका 'येतं' आणि 'जातं'साठी ते पंधरा पंधरा मिनिटं थांबत, आणि प्रत्येक वेळी तो कोट डोळ्यांपुढे येई. खाई त्याला खवखवे. बाराव्या दिवशी दुपारी ते जेवायला घरी आले, पानावर बसले आणि सगळं बायकोला सांगून टाकलं.

तिने हातातली पोळी तव्यावरच राहू दिली. ती करपल्याचा वास आला तेव्हा तिने गॅस बंद केला.

"मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "माझी कुठे नोकरी गेलीय?"

"खिडकीचे पैसे जातील. पत्र परत घेतील ते."

"मी मागितली का खिडकी?" तिचा आवाज चढला. "चार वर्षं दिवसाढवळ्या दिवा लावून स्वयंपाक केला, आणखी करीन. पण त्या म्हाताऱ्याच्या खुर्चीचे पैसे या घरात नकोत. उठा."

दिवाणजींचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. सुनेने दार उघडलं. दिवाणजी काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते, आणि कोपऱ्यात ती इस्त्री वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवलेली होती. वेलांटीरावांनी उभ्यानेच सांगितलं. वाक्यं तयार करून आणली होती, ती सगळी विस्कटली.

"अहो, मला माहीत होतं," दिवाणजी म्हणाले. "एक डोळा होता की मला. आकड्याला धक्का नाही आणि नेमक्या उकाराला टाचणीएवढी रेघ. इतकी नाजूक चोरी कोण करतो?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

दिवाणजींनी चष्मा सारखा केला. "मी थांबलो होतो," ते म्हणाले. "तुम्ही बोलाल म्हणून."

आत सुनेने नळ सोडला होता. वेलांटीराव चपला घालून जिना उतरले.

तिथून ते थेट साडूकडे गेले. साडूने सगळं बोलणं संपू दिलं. मग म्हणाला, "म्हणजे माझं चौथं मशीन तुमच्यामुळे बाहेर आलं?" दिवाणजींचा विषय त्याच्या कानापर्यंत पोचलाच नाही. वेलांटीरावांनी तो तीनदा काढला. दिवाणजींना परत बोलवा, त्यांचा काही दोष नाही, मी लिहून देतो. साडूने टेबलाखालचं खोकं पायाने दाखवलं. त्यात संगणक होता. "पुढच्या महिन्यापासून हिशेब यात. तुम्हीही नको आणि तेही नकोत. यात तांबडी शाई नसते." अनुभवपत्र त्याने परत मागितलं आणि त्यांच्यासमोर चार तुकडे केले. वेलांटीरावांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच होतं, की बारा दिवसांपूर्वी बोललो असतो तर हे खोकं अजून संगणकवाल्याच्या दुकानात असतं.

ऑडिटरबाईंनी मात्र ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, खात्याच्या शेवटी काय झालं ते लिहा, तुमची सही करा आणि दिवाणजींचीही आणा. मग दिवाणजींच्या नावावर शेरा राहणार नाही. एवढं करता येईल.

वेलांटीरावांनी दिवाणजींच्याच टेबलावर बसून, निळ्या शाईने लिहिलं: 'वरील सदतीस ठिकाणच्या लाल खुणा दिवाणजींच्या नाहीत. त्यांच्या गैरहजेरीत मी केल्या. त्यांच्या वहीत चूक नव्हती. ही चूक माझ्या नावे.' खाली सही केली. शपथेवर एकच ठरलेल्या त्या दोन माणसांपैकी पहिल्या वेलांटीच्या माणसाची.

वही पिशवीत घालून ते पुन्हा तीन मजले चढले. दिवाणजींचा काळा चष्मा आता निघाला होता. त्यांनी वही मांडीवर घेतली, फुगलेल्या पानांवरून तळहात फिरवला आणि जरा हळहळले. मग सुनेकडून पेन मागून घेतलं. वेलांटीरावांनी स्वतःचं पुढे केलं होतं, ते लाल निघालं. त्यांनी ते घाईघाईने खिशात टाकलं.

दिवाणजींनी सावकाश लिहिलं. अक्षर तसंच होतं, मोत्यांनी शिकवणी लावावी असं. सही केली, तारीख घातली आणि वही वेलांटीरावांकडे वळवली.

'वरील दुरूस्ती मान्य.'

"बघा बरं," दिवाणजी म्हणाले. "डोळा अजून नवा आहे. काही चुकलं असेल तर सांगा."

वेलांटीरावांनी ती ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली.

"नाही दिवाणजी," ते म्हणाले. "सगळं बरोबर आहे."

आणि त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली.